सेंट मार्टिनचा विमानतळ: बेटावरचे पहिले प्रेक्षणीय स्थळ

अमेरिकेतील नेवार्कहून निघालेले आमचे विमान कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटाजवळ आले, तेव्हा खिडकीतून समुद्र इतका जवळ दिसू लागला की शेजारी बसलेल्या आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. क्षणभर वाळू, हात उंचावलेली माणसे आणि एक अरुंद रस्ता दिसला आणि लगेच चाके टेकली. माहो किनारा आणि धावपट्टी यांच्यामध्ये तो रस्ता आणि एक कुंपण याखेरीज काहीही नाही.

हे बेट 1648 च्या करारापासून फ्रान्स आणि नेदरलँड्स यांच्यात वाटले गेले आहे आणि हा विमानतळ डच भागात आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, येथे लष्करी धावपट्टी तयार झाली आणि पुढच्याच वर्षी ती नागरी वाहतुकीसाठी खुली करण्यात आली. 1944 मध्ये नेदरलँड्सच्या तत्कालीन युवराज्ञी युलियाना येथे उतरल्या आणि विमानतळाला ‘प्रिन्सेस युलियाना’ असे त्यांचे नाव मिळाले. पुढे त्या राणी झाल्या, तरी विमानतळ मात्र ‘प्रिन्सेस’च राहिला. धावपट्टी जेमतेम 2300 मीटरची असूनही अ‍ॅमस्टरडॅमचे जंबो जेट ऑक्टोबर 2016 पर्यंत येथे उतरत असे.

2006 साली उघडलेली प्रशस्त टर्मिनल इमारत 6 सप्टेंबर 2017 रोजी आलेल्या इर्मा चक्रीवादळाने उद्ध्वस्त केली. ऑक्टोबरमध्ये प्रवासी विमाने पुन्हा सुरू झाली, पण प्रवाशांची सोय काही काळ तंबूत करावी लागली आणि इमारतीचे पुनर्बांधणीचे काम 2024 पर्यंत चालले. त्यामुळे तंबू आणि अपुऱ्या सोयींची जी जुनी वर्णने वाचनात येतात, ती आता बाजूला ठेवावीत.

विमाने पाहायची असतील तर माहोला अवश्य जावे. तेथील उपाहारगृहात सर्फबोर्डवर त्या दिवसाच्या विमानांच्या वेळा लिहिलेल्या असतात. परंतु उतरणारे विमान आणि उडणारे विमान यांतला फरक आधी समजून घ्यावा. वारे बहुधा पूर्वेकडून वाहत असल्याने विमाने समुद्रावरून येऊन पूर्वेकडे उतरतात आणि उड्डाणही पूर्वेकडे, समोरच्या टेकड्यांच्या दिशेने करतात. म्हणजे उड्डाणाच्या वेळी इंजिनांचा सारा झोत थेट किनाऱ्यावर येतो. कुंपणाला धरून तो झोत अंगावर घेण्याची हौस जुलै 2017 मध्ये न्यूझीलंडच्या एका पर्यटक महिलेच्या जिवावर बेतली. इशारा देणारे फलक तेथे ठळकपणे लावलेले आहेत, तरी आमच्या डोळ्यांदेखत दोन तरुण कुंपणाला लोंबकळतच होते! आम्ही बाजूला, वाऱ्याच्या रेषेबाहेर उभे राहिलो आणि तेथूनही सारे उत्तम दिसले.

बेटाचा कोणताही भाग, अगदी फ्रेंच भागसुद्धा, शेंगेन क्षेत्रात (युरोपातील सामायिक व्हिसाच्या देशांत) मोडत नाही, हे भारतीय पारपत्रधारकांनी तिकीट काढण्यापूर्वीच लक्षात घ्यावे आणि आपल्याकडच्या व्हिसावर प्रवेश मिळतो का, हे डच सरकारच्या संकेतस्थळावर तपासावे. प्रवेशाचा अर्ज निघण्याआधी ऑनलाइन भरावा लागतो. बेटावर उतरल्यावर मात्र दोन्ही भागांमध्ये कोणतीही तपासणी नाही. अमेरिकी डॉलर डच भागात सर्रास चालतात, पण फ्रेंच भागात युरो बाळगलेले बरे. डच भागाची राजधानी असलेल्या फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दागिन्यांची दुकाने पाहून आईला अनपेक्षितपणे घर आठवले.

परतीच्या दिवशी वेळेचा हिशेब सढळ ठेवावा. सिम्पसन बे येथील उचलता पूल बोटींसाठी दिवसातून अनेकदा उघडतो आणि त्या वेळी वाहनांची मोठी रांग लागते. आमची पाऊण तासाची खोटी तेथेच झाली. पुढे शेजारच्या साबा बेटाला जायचे असेल, तर खिडकीजवळची जागा मागावी आणि सामान हलके ठेवावे, कारण तेथील धावपट्टी केवळ 400 मीटरची आहे आणि तेथे जाणारी विमानेही तितकीच छोटी आहेत.