कॅसेट लूपचा अल्बम: पेटीचा तुकडा झिजू लागला

पेटीचा लूप, म्हणजे टोकं जोडून सतत फिरत ठेवलेला टेपचा तुकडा, आता खरंच झिजायला लागलाय. आधी पट्ट्यांचा खटका गेला, मग भात्याची खसखस. खर्जातला षड्ज आणि त्यावरचा कोमल गंधार अजून टिकून आहेत, पण पलीकडच्या वाड्यात कुणीतरी वाजवत असल्यासारखे.

मला हवं होतं ते हेच. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीने 2001 च्या उन्हाळ्यात 1980 च्या दशकातले आपले जुने टेप लूप डिजिटल करायला घेतले, तेव्हा टेपवरचा आयर्न ऑक्साइडचा थर फेऱ्यागणिक सुटत गेला. त्याने मशीन थांबवलं नाही. त्यातून झालेल्या ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’चा पहिला तुकडा 63 मिनिटांचा आहे, आणि इतका वेळ एकच सुरावट ऐकूनही कंटाळा येत नाही, कारण कुठलीच फेरी आधीसारखी नसते.

वरचे सूर आधी का जातात, हे समजल्यावर कामाला दिशा मिळाली. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटीमीटर पळते. म्हणजे 10 किलोहर्ट्झच्या आवाजाच्या एका लहरीची टेपवरची लांबी पाच मायक्रॉनपेक्षाही कमी, तर 100 हर्ट्झची जवळपास अर्धा मिलिमीटर. हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, पाच मायक्रॉनची भुकटी साचली आणि टेप तेवढी उचलली गेली, की 10 किलोहर्ट्झ सुमारे 57 डेसिबलने पडतो. 100 हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. लांबून येणाऱ्या आवाजाचेही वरचे सूर हवेत आधी विरतात. म्हणून झिजलेली टेप कानाला दूर गेल्यासारखी वाटते, आणि माझ्या मते या संगीतातली उदासी तिथूनच येते. संगणकावरच्या प्लगइनमधला फिल्टर सगळं एकसारखं बोथट करतो. इथे प्रत्येक सूर आपापल्या वेळेने जातो.

त्यामुळे या डेकचं हेड अल्बम संपेपर्यंत पुसायचं नाही. टेप पुण्याच्या जुन्या बाजारातल्या कॅसेटींची आहे, पावसाळे खाल्लेली, बुरशीचे पांढरे ठिपके असलेली. अशा कॅसेटींना वेगळा डेकच ठेवा, नाहीतर बुरशी चांगल्या कॅसेटींवर जाते. जोड 45 अंशांत कापलेला, चिकटपट्टी टेपच्या मागच्या बाजूला. सरळ कापला तर प्रत्येक फेरीला टक् ऐकू येतं.

आता दुसरा लूप. पहिला 24 सेंटीमीटरचा आहे, हा 31 चा घेतोय. दोन्ही एकदम सुरू केले तर पुन्हा जुळायला अडीच मिनिटांहून जास्त लागतात, आणि दोन डेकचा वेग तंतोतंत सारखा नसल्याने तेही नक्की नाही. असमान लांबीचे लूप एकमेकांवर सोडण्याची युक्ती संगीतकार ब्रायन इनोने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममध्ये वापरली होती. माझ्या दुसऱ्या लूपवर फक्त पंचम असेल, लांबवलेला, कोऱ्या टेपवर, म्हणजे एक झिजत असताना दुसरा शाबूत राहील.

31 सेंटीमीटरचा लूप कॅसेटच्या खोक्यात सैल पडतोय. जादा रोलर कुठे बसवायचा, हे कुणी करून पाहिलं असेल तर फोटोसकट सांगा.