बिली द किडच्या गावातले आयरिश सावकार

न्यू मेक्सिकोतलं लिंकन हे गाव म्हणजे एकच रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मातीच्या विटांची जुनी घरं, मागे रिओ बोनितो नावाची ओढ्याएवढी नदी, वर कोरडे डोंगर आणि वस्ती शंभरच्या आत. राष्ट्राध्यक्ष हेजनी ह्या रस्त्याला अमेरिकेतला सगळ्यात धोकादायक रस्ता म्हटलं होतं असं तिथे जो तो सांगतो, खरंच म्हटलं होतं का ह्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण ह्या गावाचं पोटच गोष्टींवर चालतं.

आम्ही एल पासोहून निघालो होतो. बाबा सांगलीहून आलेले, जिल्हा बँकेत आयुष्यभर शेतीकर्जाची खाती बघितलेला माणूस, आणि तरुणपणी मॅटिनीला लागणारे झाडून सगळे काउबॉयपट बघितलेला माणूस. त्यांना ग्रँड कॅन्यन वगैरे नको होतं, "ते बिली द किडचं गाव कुठंय ते दाखव" एवढीच मागणी. बिली द किड म्हणजे एकोणिसाव्या शतकातला, तरुणपणीच गोळी खाऊन मेलेला प्रसिद्ध दरोडेखोर. वाटेत अलामोगोर्डोला एक प्रचंड मोठा सिमेंटचा पिस्ता उभा आहे, त्याच्यासोबत फोटो झाला, मग मेस्कालेरो अपाची ह्या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशातून चढत चढत रुइदोसो. तिथे २०२४ च्या वणव्यात जळलेली झाडं अजून डोंगरउतारावर काळी उभी आहेत, ते बघून गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग होंडोला डावीकडे वळलं की थोड्याच वेळात लिंकन.

आता मुद्द्याचं. मी ह्या ट्रिपच्या आधी थोडं वाचून गेले होते आणि मला एका गोष्टीची फार गंमत वाटत होती. वेस्टर्न सिनेमात आयरिश माणूस कोण असतो? घोडदळातला लाल नाकाचा सार्जंट, दारू प्यायची, मारामारी करायची, प्रेक्षकांना हसवायचं आणि वेळ आली की भावुक व्हायचं. वेस्टर्न सिनेमांचा गाजलेला दिग्दर्शक जॉन फोर्डने तर अशा सार्जंटांची रांगच लावली, आणि तो स्वतः गॉलवेहून आलेल्या आयरिश आईबापांचा मुलगा, घरचं आडनाव फीनी. म्हणजे घरच्याच माणसाने घरच्यांची ही अशी छबी केली. आणि इथे लिंकनमधे १८७० च्या दशकात आयरिश लोक काय करत होते तर अख्खं गाव खिशात घालून बसले होते.

लॉरेन्स मर्फी, वेक्सफर्डचा, सैन्यातून बाहेर पडून दुकान टाकलेलं. त्याचा कारकून आणि मग भागीदार जेम्स डोलन, गॉलवेतल्या लॉक्रे गावचा. शेरीफ विल्यम ब्रेडी, कॅव्हनचा. ह्या मंडळींच्या दुकानाला लोक नुसतं 'द हाउस' म्हणायचे. जवळच्या फोर्ट स्टँटन छावणीला आणि अपाची एजन्सीला (अपाचींना शिधा देणारी सरकारी कचेरी) मांस आणि पीठ पुरवायचे ठेके ह्यांच्याकडे, गावात दुकान ह्यांचं, बी-बियाणं, धान्य, कापड सगळं उधारीवर, आणि सुगी झाली की शेतकऱ्याचं पीक त्याच उधारीत वळतं करून घ्यायचं. शेतकरी बहुतेक मेक्सिकन वंशाचे. वर सांता फेमधल्या राजकारणी वकिलांचा हात डोक्यावर.

हे सगळं गाईड मुलगी इंग्रजीत सांगत होती, बाबा हाताची घडी घालून ऐकत होते, आणि तिचं संपल्यावर मला म्हणाले, "अगं, हे तर सरळ सरळ सावकारी आहे. काउबॉय कुठायत ह्यात?"

खरंच कुठायत? लिंकन काउंटी वॉर म्हणून ज्यावर ढिगाने कादंबऱ्या आणि सिनेमे झाले, त्याच्या मुळाशी एक विम्याची पॉलिसी आहे. मर्फीचा जुना जर्मन भागीदार एमिल फ्रिट्झ १८७४ मधे वारला, त्याची १०,००० डॉलरची पॉलिसी. ती वसूल करायचं काम अलेक्झांडर मॅक्स्वीन नावाच्या वकिलाला दिलं, त्याने पैसे वसूल केले पण देईना, आणि हा मॅक्स्वीन तोवर जॉन टन्स्टॉल नावाच्या तरुण इंग्रजाबरोबर त्याच रस्त्यावर हाउसला प्रतिस्पर्धी दुकान काढून बसला होता. मग कोर्टातून जप्तीचा हुकूम, मॅक्स्वीनची मालमत्ता म्हणून टन्स्टॉलचं दुकान आणि जनावरंसुद्धा जप्तीत, जनावरं ताब्यात घ्यायला शेरीफ ब्रेडीची माणसं गेली आणि १८ फेब्रुवारी १८७८ ला त्यांनी टन्स्टॉललाच गोळ्या घातल्या.

"नॉमिनी कोण होता?" बाबांचा पहिला प्रश्न.

"बाबा, तेव्हा नॉमिनी असायचा का?"

"मग भांडण होणारच की."

टन्स्टॉलकडे गडी म्हणून कामाला असलेल्या पोरांमधे एक बिली. वय अठरा-एकोणीस. सिनेमात टन्स्टॉल बऱ्याचदा पिकल्या केसांचा, बापासारखा माया करणारा सज्जन दाखवतात, प्रत्यक्षात तो २४ वर्षांचा होता आणि लंडनला घरी लिहिलेल्या पत्रांत, ह्या काउंटीत कोणीही कमावलेल्या प्रत्येक डॉलरमधला अर्धा माझ्याकडे आला पाहिजे असा बेत मांडत होता. म्हणजे एक सावकार जाऊन दुसरा यायचा होता, एवढंच. पण गोष्टीला बाप लागतो, मग चोवीस वर्षांच्या पोराला म्हातारा करावं लागतं.

आणि बिली स्वतः कोण? हेन्री मॅकार्टी, कॅथरीन मॅकार्टी नावाच्या आयरिश बाईचा मुलगा. बापाचा धड पत्ता नाही. आईने १८७३ मधे सांता फेला विल्यम अँट्रिमशी लग्न केलं, सगळे सिल्व्हर सिटीला गेले, तिथे ती लोकांना खाणावळीसारखं जेवण-राहणं द्यायची, हसतमुख, नाचायची हौस असलेली बाई अशी शेजाऱ्यांनी नंतर आठवण सांगितली आहे. १८७४ मधे क्षयाने गेली. पोरगा पंधरा-एक वर्षांचा. तिथून जे घरंगळत गेलं ते लिंकनमधे येऊन थांबलं.

आता बघा. १ एप्रिल १८७८ ला ह्याच रस्त्यावर, टन्स्टॉलच्या दुकानाशेजारच्या भिंतीआडून, बिली आणि त्याच्या साथीदारांनी शेरीफ ब्रेडीला मारलं. म्हणजे आयरिश आईच्या मुलाने, इंग्रज मालकाच्या खुनाचा सूड म्हणून, आयरिश शेरीफला मारलं. काही लोक ह्या भांडणाला आयरिश विरुद्ध इंग्रज असा जुना रंग देतात, कॅथलिक-प्रोटेस्टंट वगैरे, मला ते फारसं पटत नाही. थोडी खुन्नस असेलही, पण हाउसने नाडलेले मेक्सिकन शेतकरी काही इंग्रज नव्हते आणि बिलीच्या बाजूचा टॉम ओ'फोलियार्ड आयरिश बापाचा होता. भांडण ठेक्यांचं होतं.

टन्स्टॉलचं दुकान आजही जसंच्या तसं आहे. आत लांब लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर खरोखरचा जुना माल, डबे, बाटल्या. बाबा तिथे अर्धा तास. मी बाहेर जाऊन तो दगडी गोल बुरूज बघून आले, टोरेऑन म्हणतात त्याला, १८५० च्या दशकात अपाचींचा हल्ला झाला तर लपायला मेक्सिकन लोकांनी बांधलेला. परत आले तरी बाबा काउंटरवरच, उधारीची वही कुठे ठेवत असतील ह्याचा अंदाज घेत.

तिथून चालत हाउसवर. दोन मजली, गावातली सगळ्यात मोठी इमारत. जुलै १८७८ मधे पाच दिवस गावात गोळीबार झाला, १९ तारखेला मॅक्स्वीनचं घर जाळलं, तो मेला, फोर्ट स्टँटनचा कर्नल डडली गॅटलिंग गन घेऊन येऊन नुसता बघत उभा राहिला. पण तोवर हाउसचंही दिवाळं वाजलं होतं आणि मर्फी त्याच ऑक्टोबरात वारला. मग काउंटीने ती इमारत कोर्ट म्हणून घेतली. आणि १८८१ मधे ब्रेडीच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झालेल्या बिलीला कुठे आणून ठेवलं तर ह्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, ज्या मर्फीशी भांडण त्याच्याच माडीवर. एवढ्या सगळ्या खुनांमधे शिक्षा झालेला हा एकटाच. डोलनला काही झालं नाही, त्याने पुढे टन्स्टॉलचं दुकानसुद्धा घेतलं.

जिना अरुंद आहे, पायऱ्या चढताना लाकूड कुरकुरतं. २८ एप्रिल १८८१ ला बिलीने ह्या जिन्यावर डेप्युटी बेलला गोळी घातली, खाली भिंतीत एक भोक काचेआड जपून ठेवलंय, ते गोळीचं असं दाखवतात. मग तो वरच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या हॉटेलात दुसरा डेप्युटी ऑलिंजर बाकीच्या कैद्यांना जेवायला घेऊन गेला होता, आवाज ऐकून तो धावत आला आणि बिलीने त्याला त्याच्याच शॉटगनने वरून उडवलं आणि पळून गेला. त्या खिडकीतून खाली बघितलं की तो पडला तिथला छोटासा दगड दिसतो. अंतर इतकं कमी आहे की नेमबाजीचं कौतुक वगैरे डोक्यात येत नाही, पोटात कसंतरी होतं. दर ऑगस्टमधे गावकरी ह्या पळून जाण्याचं नाटक करतात, म्हणे बरीच गर्दी होते.

आयर्लंडमधे शानखी म्हणून गोष्ट सांगणारे असायचे, चुलीशी बसून घराण्यांच्या, भुताखेतांच्या, दरोडेखोरांच्या गोष्टी सांगायचे, आणि दरोडेखोरांची तिथली गाणीही खूप. त्या गाण्यांचा साचा ठरलेला: पोरगा मुळात चांगला, आईवर जीव, कायदा श्रीमंतांचा, पोरगा कायद्याबाहेर, गरीब त्याला लपवतात, शेवटी जवळचाच कोणी दगा देतो, आणि तो तरुणपणी मरतो. ऑस्ट्रेलियात नेड केली, टिपररीहून शिक्षा होऊन आलेल्या बापाचा मुलगा, नोव्हेंबर १८८० मधे मेलबर्नला फासावर गेला, त्याचं हेच झालं. बिली त्यानंतर आठ महिन्यांनी गेला आणि त्याची गोष्टही ह्याच साच्यात बसली. मला मजा ह्याची वाटते की लोकप्रिय गोष्टीने आयरिश साचा ठेवला आणि आयरिश माणसं काढून टाकली. मर्फी-डोलन सिनेमात असतात पण नुसते व्हिलन म्हणून, मर्फी दुष्काळातून उठलेल्या देशातून आला, सैन्यात राबला आणि मग इथे येऊन त्याने दुसऱ्या गरिबांना जमीनदारासारखंच पिळलं, ही गोष्ट कोणालाच सांगायची नसते. माझ्या मते तीच जास्त चांगली कादंबरी आहे.

मुक्काम रॉसवेलला केला, तिथे एलियन्सचा बाजार आहे, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. दुसऱ्या दिवशी उत्तरेला फोर्ट समनर. १४ जुलै १८८१ च्या रात्री ओळखीच्या पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत बिली शिरला, आत शेरीफ पॅट गॅरेट बसलेला, बिलीने स्पॅनिशमधे विचारलं, कोण आहे, आणि गॅरेटने गोळी झाडली. हे सगळं गॅरेटच्याच सांगण्यावरून बरं का. पुढच्या वर्षी गॅरेटच्या नावावर ह्या सगळ्याचं पुस्तक आलं, त्यातला बराचसा भाग अ‍ॅश अप्सन नावाच्या पत्रकाराने लिहिलेला. त्यात बिलीची जन्मतारीख २३ नोव्हेंबर १८५९ दिलीय आणि योगायोग असा की २३ नोव्हेंबर हा अप्सनचा स्वतःचा वाढदिवस. अप्सन काही आयरिश नव्हता, कनेटिकटचा होता, पण हात सैल सोडून लिहिण्यात कोणत्याही शानखीला हरला नसता.

थडगं लोखंडी पिंजऱ्यात आहे कारण दगड चोरीला जातो. १९५० मधे गेला तो १९७६ मधे टेक्ससमधे सापडला, १९८१ मधे परत गेला तो कॅलिफोर्नियात सापडला. त्यावर २१ माणसं मारल्याचं कोरलंय, वय २१, माणसं २१. इतिहासकार आठ-नऊच्या वर जात नाहीत, त्यातलेही बरेच सगळ्यांनी मिळून मारलेले.

बाबांनी गजातून वाकून ते वाचलं. "दर वर्षाला एक? म्हणजे जन्मल्यापासून?"

"गोष्ट आहे हो बाबा."

"ऑडिटला टिकणार नाही."

त्याचा एकच खात्रीचा समजला जाणारा फोटो होता, तोही उलटा. टिनटाइपमधे, म्हणजे पत्र्यावर काढलेल्या त्या काळच्या फोटोत, प्रतिमा आरशासारखी उलटी उमटते, त्यामुळे पिस्तूल डाव्या बाजूला दिसलं आणि बिली डावखुरा ही समजूत पक्की झाली, सिनेमासुद्धा निघाला. शेवटी कोणाच्यातरी लक्षात आलं की त्याच्या हातातल्या विंचेस्टरची गोळ्या भरायची खाच भलत्या बाजूला आहे. तो फोटो २०११ मधे तेवीस लाख डॉलरला गेला.

थडग्यापासून अगदी जवळ बोस्के रेदोंदोचं स्मारक आहे, ते मात्र चुकवू नका. फोर्ट समनर मुळात बांधला तो ह्यासाठी. १८६० च्या दशकात सैन्याने आठ हजारांहून जास्त नवाहो ह्या मूळ रहिवासी लोकांना शेकडो मैल चालवत आणून इथे डांबलं, पाणी खारट, पिकं किडलेली, हजारोंच्या घरात माणसं गेली, १८६८ च्या तहानंतर उरलेले घरी परतले. छावणी ओस पडल्यावर मॅक्सवेल कुटुंबाने ती विकत घेतली आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या घरात राहायला आले. बिली मेला ते हेच घर. थडग्यापाशी लोक सेल्फी घेत होते आणि इथे आम्ही सोडून कोणी नव्हतं.

जाणार असाल तर रुइदोसो किंवा कॅपिटनला पेट्रोल भरून घ्या, लिंकनमधे पंप नाही, जेवणाचंही खात्रीने सांगता येत नाही, आम्ही थेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिकीट एकदा काढलं की उघडी असलेली सगळी घरं बघता येतात, पण कोणती कधी बंद असतात ते आधी बघून निघा. सिल्व्हर सिटी ह्या फेरीत जमली नाही, तिथे कॅथरीनचं थडगं आहे, ते हिवाळ्यात, आणि बाबा म्हणतायत की तोवर ते फ्रिट्झच्या पॉलिसीचं नीट काय झालं ते शोधून ठेव.