कातळावरचे पाणी: आंबोलीतील बेडूकनोंदीचा तिसरा पावसाळा

यंदा मृगाची पहिली मोठी सर पडून गेल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर गेलो, आणि गेली दोन वर्षे माझ्या वहीत मोकळी राहिलेली नोंद अखेर भरली. जांभ्याच्या कातळात ताटलीएवढा खळगा होता, त्यात पट्टीने मोजून जेमतेम तीन सेंटिमीटर पाणी होते आणि त्या पाण्यात आंबोली टोड या बेडकाची जोडी होती. नर मादीच्या पाठीला घट्ट बिलगलेला होता, तिच्या कुशीवरचे पिवळसर पट्टे विजेरीच्या मंद उजेडातही स्पष्ट दिसत होते. या पट्ट्यांवरूनच जातीला ‘टायग्रिना’ हे नाव मिळाले आहे. मी दहा पावले मागे सरून बसलो. जोडी निघून गेल्यावर पाहिले, तर तळाशी अंड्यांचा विरळ थर होता. मोजली तेव्हा ३२ भरली.

नव्याने हा छंद लागलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. या टोडचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वेळी ‘झँथोफ्रिनी’ ही नवी प्रजाती मांडण्यात आली. तिच्यात दोनच जाती आहेत, एक ही आणि दुसरी १९६३ साली वर्णन झालेली कोयना टोड. आपल्या अंगणात दिसणारा साधा टोड दोरीसारख्या माळांमध्ये हजारो अंडी घालतो. त्याच्याशी तुलना केली म्हणजे तीस-बत्तीस अंड्यांवर सारी भिस्त ठेवणाऱ्या या जिवाचे वंशसातत्य किती नाजूक आहे, हे लक्षात येते. उथळ खळग्यात मासे नसतात हा मोठा फायदा आहे, परंतु पावसाने ओढ दिली की तेच पाणी दोन दिवसांत आटते.

यासाठीच यंदा मी सहा खळगे ठरवून घेतले आणि दर शनिवारी त्यांच्या पाण्याची खोली लिहीत गेलो. आर्द्रात चार दिवस कडक ऊन पडले, तेव्हा दोन खळगे पार कोरडे झाले आणि कातळावर पिल्लांचे काळे डाग तेवढे उरले. हे निसर्गाचेच आहे असे म्हणून मी मन आवरले. तिसऱ्या खळग्याचे तसे म्हणता येणार नाही. त्याच्यावरून कोणीतरी गाडी नेली होती आणि चाकाच्या नक्षीत चिखल साचला होता. सडा म्हणजे ओसाड, रिकामी जागा, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. सरकारी भाषेत तर तिला सर्रास पडीक जमीन म्हणतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलेल्या प्राण्याचे ते प्रसूतिगृह आहे, हे तिथे गाडी फिरवणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते.

जंगलाच्या कडेची नोंद वेगळी आहे. ओढ्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाची फेसाची चार घरटी मिळाली. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून हा फेस करते, त्यात अंडी सुरक्षित वाढतात आणि पिल्ले नंतर खालच्या पाण्यात टपकतात. झुडपी बेडकांना तर तेवढ्याही पाण्याची गरज नसते, कारण त्यांच्या अंड्यांतून शेपटीवाले पिल्लू (टॅडपोल) न निघता थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्यांना हवी असते ती फक्त हवेतली आणि पालापाचोळ्यातली ओल. त्यांच्या आवाजांची अकरा ध्वनिमुद्रणे केली असून त्यांपैकी तीन अजून ओळखता आलेली नाहीत. ती अंदाजाने कुठल्याही जातीच्या नावावर घालणार नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र रस्त्याकडेच्या एका पाझरत्या कड्यासमोर गेला. तिथे इंडिराना या प्रजातीच्या बेडकांची पिल्ले पाण्यात नव्हे, तर नखभर जाडीच्या ओल्या थरात खडकाला चिकटून शेवाळ खरवडत होती. त्यांची शेपटी लांब आणि दणकट असते, मागचे पायही लवकर फुटतात. मी थोडा पुढे झुकताच एकाने शेपटीचा फटकारा मारून वीतभर उडी घेतली आणि उभ्या खडकावर पुन्हा चिकटले. रस्ता रुंद करताना असा पाझर सिमेंटने लिंपला, तर ही पिल्ले जातील कुठे?

सोबत येऊ इच्छिणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. बेडकाची त्वचा श्वासही घेते आणि पाणीही शोषते, म्हणून डासांचे मलम लावलेल्या हातांनी त्याला स्पर्श करू नये. खरे तर कोणत्याच हातांनी करू नये. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्यापूर्वी बूट घासून, जंतुनाशकाने धुऊन, पूर्ण वाळवावेत. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने मध्य अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कित्येक जाती संपवल्या आहेत आणि तिची नोंद सह्याद्रीतही झालेली आहे. छायाचित्राबरोबर नेमकी जागा जाहीर करू नये. रात्री घाटातून गाडी हळू चालवावी, कारण ओल्या डांबरावर थांबलेला बेडूक पाचोळ्यासारखाच दिसतो.

पुनर्वसूच्या पहिल्या शनिवारी चौथ्या खळग्यात चार सेंटिमीटर पाणी होते. तिथल्या १९ पिल्लांपैकी सातांना मागच्या पायांचे कोंब फुटलेले दिसले. पाचव्या आणि सहाव्या खळग्यांपर्यंत धुक्यामुळे पोहोचता आले नाही. ते येत्या शनिवारी आधी पाहीन.