ढोल गल्लीतली झोप

हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये चार रात्री काढायच्या होत्या, त्याही स्वस्तात, म्हणजे हॉस्टेलमध्ये: अख्खी खोली नाही, खोलीतला एक पलंग भाड्याने. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नऊच्या वर रेटिंग बघ, मध्यवर्ती बघ आणि बुक करून टाक. एवढं काय त्यात?" त्याचं वय तेवीस. लोकलमध्ये उभ्या उभ्या झोपून दादरला उतरायचा तो कल्याणला पोचलेला आहे. माझं वय अठ्ठेचाळीस, आणि मला उशा दोन लागतात.

तरी त्याचं ऐकून नऊच्या वरची यादी काढली आणि एकेक अभिप्राय वाचायला घेतला. एका हॉस्टेलला दहापैकी दहा देणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, 'चार दिवसांत एकदाही झोपलो नाही, भन्नाट जागा!' त्याच हॉस्टेलला चार मार्क देणाऱ्या गृहस्थांची तक्रारही तीच होती, की चार दिवसांत एकदाही झोप झाली नाही. दोघंही खरंच बोलत होते. त्या दिवसापासून मी मार्क बघणं सोडलं आणि मार्क देणारं माणूस कोण ते बघायला लागले.

ज्यांनी पूर्वी स्थळांच्या जाहिराती वाचल्या आहेत त्यांना हे वाचन जड जात नाही. 'मनमिळाऊ' म्हणजे काय आणि 'घरगुती वळणाची' म्हणजे काय, हे आपल्याला न सांगता कळायचं. तसंच इथे. 'वातावरण जिवंत' म्हणजे खाली बार आहे. 'अगदी घरासारखं' म्हणजे बारा जणांत एक बाथरूम. 'जुन्या वास्तूचा दिमाख' म्हणजे लिफ्ट नाही. आणि 'मध्यवर्ती'? त्याचा अर्थ कळायला मला नकाशा उघडावा लागला.

बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन गावं १८७३ साली एक झाली आणि बुडापेस्ट झालं. डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडाच्या टेकड्या, दुसऱ्या काठाला सपाट पेस्ट. स्वस्त हॉस्टेलं बहुतेक पेस्टमध्ये. शहराचे तेवीस जिल्हे आहेत आणि पत्त्यातला पिनकोडच जिल्हा सांगून टाकतो: पहिला एक म्हणजे बुडापेस्ट, पुढचे दोन आकडे म्हणजे जिल्हा. १०५ ने सुरू झाला की पाचवा, नदीकाठचा, महाग. १०७ म्हणजे सातवा, एर्झेबेतवारोश. माझ्या यादीतली निम्मी हॉस्टेलं या सातव्यात निघाली, आणि दहापैकी दहावालंही तिथलंच.

हा एकेकाळचा ज्यूंचा मोहल्ला. युरोपातलं सर्वांत मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, इथल्या दोहान्य रस्त्यावर १८५९ पासून उभं आहे. १९४४ च्या हिवाळ्यात याच गल्ल्यांभोवती कुंपण घालून माणसं कोंडली गेली. नंतर कित्येक दशकं इमारती नुसत्या पडक्या होत राहिल्या. मग २००२ मध्ये 'सिम्प्ला' नावाचा बार निघाला, दोन वर्षांनी तो काझिन्त्सी रस्त्यावरच्या एका मोडकळीला आलेल्या वास्तूत आला, आणि पडक्या वाड्यात फुटक्या खुर्च्या मांडून बिअर विकायची कल्पना अशी चालली की आज तिथे रात्र होतच नाही. राहणारे लोक वैतागले. २०१८ मध्ये मध्यरात्रीनंतर बार बंद ठेवावेत का यावर जिल्ह्यात मतदान झालं, पण मतदार इतके कमी आले की ते बादच ठरलं. बहुधा लोक झोपले असावेत. दिवसा.

त्या भागातल्या एका रस्त्याचं नाव दोब. हंगेरियन भाषेत दोब म्हणजे ढोल. ढोल गल्लीत खोली घ्यायची आणि झोप मागायची, हा दोष कोणाचा?

पण सातवा जिल्हा सगळाच असा नाही. नॉज्यकोरुत नावाचा मोठा गोल रस्ता त्याचे दोन तुकडे करतो. आतला तुकडा ढोलाचा. बाहेरचा, केलेती स्टेशनकडचा, बराच शांत, आणि स्वस्तही. त्या गोल रस्त्यावरून चार आणि सहा नंबरच्या ट्राम धावतात आणि सहा नंबरची रात्रभर असते. ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटं चालत अंतरावर असलेलं घर हे माझ्या दृष्टीने मध्यवर्ती. बार पावलावर आणि ट्राम लांब असलेल्याला भाचा मध्यवर्ती म्हणतो. मी गोल रस्त्याच्या बाहेरचं घेतलं. दर फोरिंटमध्ये, हजारांतला आकडा बघून आधी छातीत धस्स होतं, मग चाराने भागलं की साधारण रुपये निघतात आणि श्वास परत येतो. वर पर्यटक कर, तो बहुतेकदा तिथे गेल्यावर मागतात.

दार उघडून आत गेले आणि जागीच थांबले. मधे चौक, चारी बाजूंनी मजले, प्रत्येक मजल्याला चौकाच्या अंगाने लोखंडी कठड्याची गॅलरी, आणि सगळ्या खोल्यांची दारं त्या गॅलरीत. ही तर चाळ! गिरगावात माझी पहिली बावीस वर्षं अशाच कठड्याला टेकून गेली. पेस्टमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाड्याने द्यायला अशी घरं रांगेने बांधली, आणि या गॅलरीला तिथे 'गाँग' म्हणतात. खाली चौकात कचऱ्याचे डबे आणि सायकली. तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी चादर वाळत होती.

हॉस्टेल 'पहिल्या मजल्यावर'. मी बॅग उचलून चढायला लागले. आधी उंच तळमजला लागला, मग अर्धा मजला, आणि दोन्ही मोजणीत नाहीत. गिरगावच्या हिशेबाने मी तिसऱ्यावर पोचले होते. पहिला म्हणजे नक्की कितवा, हे बुकिंगच्या आधी विचारून घ्यायला हवं होतं. गुडघ्यांच्या वतीने सांगते.

खोली सहा बायकांची. वरचा पलंग नको हे मी आधीच लिहून कळवलं होतं, कारण रात्री दोनदा उठणाऱ्या बाईने वर झोपू नये, खालच्यांच्या हितासाठी. पलंगाला पडदा, उशाशी दिवा आणि प्लग या तीन गोष्टी फोटो मोठा करून बघितल्या होत्या. लॉकर असतो, कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं न्यावं लागतं. आणि ढेकूण हा शब्द अभिप्रायांत शोधायचा, अगदी जुन्या अभिप्रायांतही. बाकी भिंतीवरची चित्रं, छतावरचं टेबल टेनिस, हे मला सोडून द्यायला हरकत वाटली नाही.

हॉस्टेलचा प्रकार मुळात एका मास्तरांना सुचलेला. जर्मनीतले रिचर्ड शिरमन १९०९ च्या ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले, वादळात सापडले आणि एका गावच्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथे पोरं का झोपू नयेत, असं त्या रात्री त्यांच्या मनात आलं. आमचे बाबा इलेक्शन ड्युटीला गावोगावच्या शाळेत बाकं जोडून झोपत, ते आठवलं. त्या जागेला कुणी मार्क दिले नाहीत.

माझ्या खोलीत एक कोरियन मुलगी रोज रात्री नऊला पडदा ओढून घ्यायची. पोर्तुगालच्या एक आजी घोरायच्या, पण नियमित, वरवंट्यासारख्या. तालातल्या आवाजाची सवय होते. चाळीत वाढलेल्याला भिंतीपलीकडचं खोकणं, नळाला पाणी आल्याचा गलका, कुणाच्या तरी सासूचं पुटपुटणं यांत झोप लागते. झोपमोड करतो तो अवेळी, परका आवाज. तसा तिथे एकच होता. गॅलरीतल्या दगडी लाद्यांवरून चाकांच्या बॅगा ओढत नेल्या की सगळा चौक दणाणायचा. हॉस्टेलच्या दारावर चित्र लावलं होतं: बॅग, चाकं, त्यावर लाल काट. समोरच्या गाँगवरच्या घरांतून माणसं राहत होती, नुसते पाहुणे नव्हे.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला दार ओढून घेतलं आणि सवयीने बॅगेचा दांडा वर काढला. समोरच्या घरातलं दार उघडलं. हाउसकोट घातलेली एक म्हातारी बाई कठड्यावरच्या कुंड्यांना पाणी घालायला आली होती. आमच्या चाळीत अशा वेळी दारामागोमाग तोंडही उघडायचं. ही काही बोलली नाही. झारी हातात धरून नुसती माझ्या चाकांकडे बघत राहिली.

मी दांडा आत ढकलला, बॅग कडेवर घेतली, आणि चपलांचाही आवाज होऊ न देता जिन्यापर्यंत गेले.