पट, हजर आणि नवीन मुलं

सिंगापूरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी नव्याने येणाऱ्या कुटुंबांचं काम बघते. नोकरीनिमित्त परदेशातून आलेल्या घरांतली मुलं शाळेत रुळावीत, त्यांच्या आईवडिलांना शाळेची रीत कळावी, हे माझं काम. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितल्यावर पहिलं हेच मनात आलं, की या नोकरीत मला जे रोज उपयोगी पडतं त्यातलं बरंचसं मी साताऱ्यात, आपल्या शाळेत पाहिलेलं आहे.

आपल्या वर्गात दरवर्षी अधेमध्ये कुणीतरी नवीन यायचं. पाटबंधारे खात्यातल्या, बँकेतल्या, एसटीतल्या लोकांच्या बदल्या व्हायच्या. पण खरी गर्दी फौजींच्या मुलांची. अपशिंगे मिलिटरीसारखी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारी गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या घरांतली मुलं जालंधर, जबलपूर करत करत केव्हातरी साताऱ्याला परतायची. सातवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे अशीच एक मुलगी आली. आडनाव आपल्यातलंच, पण बोलणं सगळं हिंदी. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन व्हरांड्यातल्या खांबापाशी एकटीच उभी राहायची.

आमच्या वर्गबाईंनी तिला समोर उभं करून ओळख वगैरे करून दिली नाही. दोन दिवसांनी तिच्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून फळा तुझा." वार, दिनांक, पट, हजर, गैरहजर. आता हजरीचा आकडा काढायचा तर बाकावार डोकी मोजावी लागतात. कोण आजारी, कोण गावाला गेलंय, हे विचारावं लागतं. ती सवयीने 'मंगलवार' लिहायची आणि पुढच्या बाकावरच्या मुली "ळ काढ, ळ" म्हणून गलका करायच्या. बघता बघता तिला आख्ख्या वर्गाची नावं पाठ झाली. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई गोडोलीला तिच्या घरी जाऊन आईलाही भेटून आल्या. त्या घरात पाय ठेवणारं शाळेतलं ते पहिलं माणूस.

पाहुण्याला लोक जपतात, पण पाहुणा घरचा होत नाही. घरचा होतो तो हाती काम आल्यावर. साताऱ्याला हे फार आधीपासून ठाऊक आहे. 1924 साली कर्मवीर अण्णांनी इथं बोर्डिंग काढलं तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं नुसती एका पंगतीला बसवली नाहीत, त्यांना एकत्र स्वयंपाकाला लावलं. एका चुलीवर भाकऱ्या भाजणाऱ्या पोरांना निराळं एकोप्याचं भाषण द्यावं लागत नाही.

सिंगापुरात आमचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. पुण्याहून येणारं मूल एप्रिलमध्ये परीक्षा देऊन मोकळं झालेलं असतं, जपानमधलं मूल एप्रिलमध्ये नुकतंच नव्या इयत्तेत बसलेलं असतं, ऑस्ट्रेलियातल्याचं वर्ष अर्ध्यावर असतं. सगळे एकाच सोमवारी आमच्या दारात उभे. आपल्याकडून आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नंबर कितवा?" आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या प्राथमिक वर्गांत नंबर काढत नाहीत, मूल स्वतःच आपलं काम आईवडिलांना समोर बसवून समजावून सांगतं. हे मी तोंडी सांगत बसत नाही. त्यांना तसं एक सत्र दाखवते, मग शंका बऱ्याच कमी होतात. दुसरी घाई इंग्रजीची. घरात आता इंग्रजीच बोलायचं, असं ठरवून बरेच पालक येतात. मी त्यांना कळकळीने सांगते, घरची भाषा सोडू नका. मूल दिवसभर परक्या भाषेत शिणून येतं, संध्याकाळी त्याला मनातलं बोलायला जागा हवी. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत, शाळेत शिक्षक नसला तरी आपल्या भाषेतलं साहित्य स्वतः अभ्यासून परीक्षेला घेण्याची सोयही आहे.

मुलं रुळतात. खरी अडचण आयांची असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवरा जकार्ता, मनिला असा फिरतीवर. बायको अवलंबितांच्या पासवर आलेली. मे 2021 पासून त्या पासवर असणाऱ्यांना नोकरी करायची तर वेगळा वर्क पास काढावा लागतो. मागच्या देशात डॉक्टर, वकील असलेली बाई इथं एकदम 'अमक्याची आई' होऊन बसते. अशीच एक जपानी आई घंटा झाल्यावरही फाटकापाशी रेंगाळायची. चहा पाजून प्रश्न सुटणार नव्हता. तिला ग्रंथालयात नव्या पुस्तकांना कव्हर घालायला बोलावलं. तिचे हात इतके नेटके, की पुढच्या महिन्यात ती इतर आयांना शिकवत होती. वर्षभराने नव्या आयांना लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला भाजी घ्यायला नेण्याचं काम तिनेच मागून घेतलं. कारली, भेंडी तिच्या ओळखीची होती. गवार कशी निवडायची ते मी दाखवलं.

रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950च्या दशकात आपल्या भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा दोन देशांच्या मधोमध वाढणाऱ्या मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' म्हटलं. या मुलांना येण्यापेक्षा जाणं जड जातं, हे मी दर जूनमध्ये बघते. शाळा स्वागतावर खूप खर्च करतात, निरोपावर काहीच नाही, आणि मला हे चुकीचं वाटतं. याच मुलांवर पुस्तक लिहिणाऱ्या डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधीची चार कामं सांगितली आहेत: भांडणं मिटवणं, ज्यांनी केलं त्यांचे आभार मानणं, माणसांचा आणि जागांचा नीट निरोप घेणं, पुढच्या गावाचा विचार करणं. आम्ही त्यात एक जोडलंय. जाणारं मूल वर्गातलं आपलं काम शेवटच्या पंधरवड्यात दुसऱ्याला शिकवून, सोपवून जातं.

गेल्या खेपेला साताऱ्यात आपल्या शाळेत आले तेव्हा पाचवीच्या वर्गात एमआयडीसीत कामाला आलेल्या बिहार, उत्तर प्रदेशातल्या कामगारांची मुलं दिसली. मागच्या बाकांवर, आपापसांत बसलेली. त्यांच्या आया शाळेच्या फाटकाच्या आत येत नाहीत असं सरांनी सांगितलं. डिसेंबरात आमच्या शाळेला सुट्टी असते आणि मी साताऱ्यात असते. वर्गशिक्षकांची तयारी असेल तर एक दिवस बसून कोणत्या मुलाला कोणतं काम द्यायचं ते ठरवू, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जायला मी बरोबर येईन. हिंदी मला चांगली येते.