वीकेंडची मुंबई-गोवा क्रूझ: पैसे भरण्याआधी सोबत कोण आहे ते विचारा

घरची वयस्क माणसं किंवा मुलं बरोबर असतील तर मुंबईहून शुक्रवारी सुटणारी गोवा क्रूझ घेऊ नका. घाईत असाल तर एवढं वाचलंत तरी पुरे. बाकीचं ज्यांचं जायचं पक्कं झालंय त्यांच्यासाठी.

एजंटने आम्हाला ही 'फॅमिली क्रूझ' म्हणून विकली. आई, बायको, दहावीची परीक्षा आटोपलेली लेक आणि मी. बॅलार्ड पिअरला चेक-इनच्या रांगेत पोचलो तर पुढे एकसारख्या टी-शर्टातली माणसंच माणसं. कुठल्याशा कंपनीची डीलर मीट होती आणि खाली हॉलमध्येच त्यांची सुरुवात झालेली होती. हे बुकिंग काही आदल्या दिवशी झालेलं नसणार. एजंटला माहीत होतं की नाही ते देव जाणे, जहाज कंपनीला नक्कीच माहीत होतं आणि आम्हाला कुणी अवाक्षराने सांगितलं नाही.

जहाज सुटल्यावर तासाभरात पूल डेक त्यांचा झाला. आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवलेले, स्पीकरवर त्यांचीच गाणी, हातात ग्लास. पिण्याचं पॅकेज एकदा घेतलं की ते वसूल करायचंच, ही वृत्ती तिथे उघड दिसते. लेक पाण्यात उतरली आणि पाचेक मिनिटांत बाहेर आली. काठावरचा एक जण मोबाइल तिच्याकडे रोखून उभा होता. मी जाऊन फोन खाली करायला सांगितलं, तर त्याचे चार दोस्त मध्ये पडले, "अरे अंकल, एंजॉय करो ना." सुरक्षारक्षक दहा पावलांवर होता, जागचा हलला नाही. लेक त्यानंतर पुन्हा पुलाकडे फिरकली नाही. या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलोय.

रात्र त्याहून वाईट. आमची केबिन पूल डेकच्या बरोबर खाली. वर खुर्च्या ओढल्या की डोक्यावर कपाट सरकवल्यासारखा आवाज, आणि डीजेचा ठोका उशीतून ऐकू येई. आई रक्तदाबाची गोळी घेऊन पलंगावर बसून होती. दीडच्या सुमारास खाली काउंटरवर गेलो. देवगडचा एक मुलगा ड्युटीवर होता. "काका, मी वर फोन करतो, पण ग्रुप मोठाय, ऐकतील याची खात्री देत नाही," म्हणाला. खोली बदलून मागितली तर त्याच्या साहेबाने वरच्या श्रेणीचा फरक भरायला सांगितला. त्रास आम्हाला आणि बिलही आम्हालाच! मी भरलं नाही.

मुरगावला उतरून गोव्याचा दिवस छान गेला. फक्त पणजी तिथून सुमारे 30 किलोमीटर आहे, तेव्हा टॅक्सीचं भाडं परतीसकट आधी ठरवा.

आता निवड कशी करायची ते. जहाज किती मोठं, किती रेस्टॉरंटं, हे सगळं नंतर बघा. आधी तारीख बघा. आठवड्याच्या मधली फेरी घ्या. जोडून सुट्ट्या आणि 31 डिसेंबर टाळा. जितकी फेरी छोटी तितकी पार्टीवाल्यांची गर्दी जास्त, आणि त्यांना धाकही कमी, त्यालाही कारण आहे. गोंधळ घालणाऱ्याला केबिनमध्ये डांबायचा किंवा पुढच्या बंदरावर उतरवायचा अधिकार कॅप्टनला असतो. पण दोन रात्रींच्या फेरीत पुढचं बंदर म्हणजे बहुतेक घरच. उतरवायची भीती कुणाला वाटणार? लांबच्या फेरीत तीच धमकी खरी असते.

'या फेरीवर मोठा ग्रुप किंवा कंपनीचं संमेलन आहे का' हे ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "नाही सर" काही कामाचं नाही. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. सप्टेंबर 2018 मध्ये सिडनीहून निघालेल्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर एका भारतीय गुटखा कंपनीची सुमारे 1,300 माणसं संमेलनाला होती. इतर प्रवाशांना, विशेषतः बायकांना, इतका त्रास झाला की जहाज कंपनीला लोकांचे पैसे परत करावे लागले. म्हणजे पैसे परत मिळू शकतात, मागणारे पुरेसे हवेत.

केबिन निवडताना डेक प्लॅन उघडा आणि वरच्या व खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच आहेत अशी खोली घ्या. पूल, थिएटर, बार यांच्या वर-खाली नको. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेलीही नको, त्या दारातून कुजबुजसुद्धा ऐकू येते.

बाल्कनीत कुणी सिगरेट ओढताना दिसला तर भिडेखातर गप्प बसू नका, लगेच कळवा. मार्च 2006 मध्ये 'स्टार प्रिन्सेस' जहाजावर बाल्कनीतून आग पेटली, बहुधा टाकून दिलेल्या सिगरेटमुळे, आणि धुराने एक प्रवासी गेला. आमच्या बाजूच्या बाल्कनीतून थोटकं खाली उडत होती.

जाहिरातीतल्या भाड्यात पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज, जीएसटी धरलेत का ते विचारून मगच तुलना करा.

आणि तक्रार जहाजावर असतानाच करा: कागदावर, वेळ आणि डेक नंबर टाकून, काउंटरवाल्याची सही घेऊन. घरी आल्यावर मी केलेल्या लांबलचक ईमेलला आभाराचं छापील उत्तर आलं. बायकोने त्या रात्रीच लिहून सही घेतलेल्या कागदावर मात्र सर्व्हिस चार्ज पूर्ण परत मिळाला.