नवी बॅटरी, जुना हिशेब

गाडीला नवी बॅटरी बसवली, तरी सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय काही सुरू होईना. माहीम ते परळ हा रोजचा अडखळत होणारा प्रवास, त्यात एसी आणि पावसाळ्यात वायपर, म्हणून बॅटरी पुरेशी चार्ज होत नसावी असे वाटले. पण रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला सकाळी मल्टिमीटर लावला, तर १२.६ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली होती.

चूक हिशेबात होती. बॅटरीच्या ऋण टोकावरील लहानसा सेन्सर विद्युतप्रवाह, व्होल्टेज व तापमान मोजतो आणि त्यावरून बॅटरी किती थकली आहे, याचा अंदाज बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम बांधते; बॅटरी बदलल्याचे तिला कळवले नाही, तर ती नव्या बॅटरीलाही म्हातारीच समजते आणि चार्ज वाचवण्यासाठी सिग्नलला इंजिन बंद होऊ देत नाही. नुसती वायर काढून पुन्हा जोडल्याने ही नोंद अनेक गाड्यांत पुसली जात नाही, घड्याळ मात्र हमखास बिघडते.

स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीतील बिघाड तपासण्याच्या) सॉकेटला स्कॅनर जोडून, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून मी बॅटरी बदलल्याची नोंद केली. बॅटरीची क्षमता आणि प्रकार पूर्वीचेच असल्याने तेवढे पुरले. साध्या बॅटरीऐवजी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली बॅटरी) घेतली असती, तर तोही बदल भरावा लागला असता. त्यानंतर गाडी कुलूपबंद करून रात्रभर तशीच ठेवली, कारण स्थिर व्होल्टेजवरून सिस्टीमला चार्जचा अंदाज नव्याने घेता येतो. दुसऱ्या दिवशी शितलादेवीच्या सिग्नलला इंजिन मुकाट्याने बंद झाले.